आधी नाव, मग मोजणी

आमच्या शेजारच्या रघूकाकांना दुसऱ्यांच्या बारशात भयंकर घाई असते. आमंत्रण असो नसो, आमच्या पोशीर गावातल्या प्रत्येक बारशाला हा माणूस हजर असतो. दारातच उभा राहतो, चपलाही काढत नाही, आणि बाळाचं नाव कानावर पडलं की पाठ फिरवून चालू लागतो. पेढा नको, हरभऱ्याच्या घुगऱ्या नकोत. फारच आग्रह केला तर म्हणतो, "माझं काम झालं." दुसऱ्याच्या घरच्या बारशात याचं काय काम असतं, ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझ्या मुलाच्या बारशाची गोष्ट तर मी आयुष्यभर विसरणार नाही. नेरळहून फोटोग्राफर बोलावला होता, पाळण्याला फुगे लावले होते. माझी नणंद कुंभिवलीहून नवी पैठणी नेसून आली होती. आत्या म्हणून ती पाळण्यावर वाकली की फोटोग्राफर म्हणायचा, "ताई, परत एकदा वाका, चेहरा इकडे." असं तीनदा झालं. चौथ्यांदा ती वाकते न वाकते तोच दारातून आवाज आला, "अरं, नाव ठेवा रं आधी. फोटो मागनं काढा. पोरगं काय पळून चाललंय?" मुलगा दचकून रडायला लागला. नणंद दचकली. त्या व्हिडिओत आजही माझ्या मुलाचं नाव ऐकू येत नाही, काकांचा आवाज मात्र खणखणीत येतो. पाहुण्यांना व्हिडिओ दाखवायची मला लाज वाटते.

रघूकाका साजगावला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे दर वर्षअखेरीला मोजणी व्हायची. नट, बोल्ट, बेअरिंग, पट्टे, सगळं खाली काढायचं आणि एकेक करून मोजायचं. ज्या वस्तूला टॅग नाही ती मोजायची नाही, आणि जी मोजली नाही ती कारखान्यात नाहीच, असा नियम. निवृत्त झाले तरी हे खूळ घरी आलं. त्यांच्या घरी विळ्याला टॅग, खुरप्याला टॅग, न्हाणीघरातल्या बादलीलासुद्धा टॅग. कोंबड्यांना टॅग लावता येईना म्हणून प्रत्येकीला नाव. काकू त्यातली एकही चिठ्ठी वाचत नाहीत. त्या फार बोलतही नाहीत. काकांचं बोलणं अंगावर यायला लागलं की एवढंच म्हणतात, "जेवा आता." सकाळी नऊ वाजता म्हटलं तरी त्याचा अर्थ एकच, आता गप्प बसा.

काकांचं ब्रीदवाक्य होतं, "आधी नाव, मग मोजणी." हे ते बाजारात म्हणायचे, ग्रामपंचायतीत म्हणायचे, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात रांग मोडून आत शिरताना म्हणायचे. स्टोअर डोक्यात गेलंय, असं माझं आणि सगळ्या गावाचं मत होतं.

तशातच ऋतुजा मॅडम आल्या आणि आगीत रॉकेल पडलं.

ही पुण्याची एक मुलगी. कीटक, गोगलगायी असल्या बारीकसारीक जिवांचा अभ्यास करायची. काकांच्या शेताला ओढ्याच्या कडेने एक जुना दगडी बांध आहे, त्याच्या टोकाला उंबर. तिथे तिने जमिनीत प्लास्टिकचे पेले पुरले, दगड उलटसुलट करून पाहिले. काका आठ दिवस तिच्या मागे छत्री धरून. शेवटच्या दिवशी ती काकांच्या ओटीवर चहा घेत बसली होती. मीही होते. काकांनी विचारलं, "मॅडम, एकंदर जगात किती जातीचे जीव हायेत?"

तिने बिचारीने सरळ उत्तर दिलं. "नक्की नाही सांगता येत, काका. एका हिशेबाने सत्त्याऐंशी लाखांच्या आसपास. तेरा लाख इकडे तिकडे. दुसरे काही लोक त्याहून कितीतरी जास्त सांगतात."

काकांनी कप खाली ठेवला. "तेरा लाख इकडं तिकडं? आन् हे चालतं तुमच्यात? मी तेरा नट इकडं तिकडं केले असते तर मला गेटाच्या भायेर काढला असता."

ती हसत म्हणाली, "मोजणार कसे काका? कुणी एका झाडावरचे किडे मोजतं, मग तशी झाडं किती ते बघतं आणि गुणाकार करतं. कुणी आजवर सापडलेल्यांवरून न सापडलेल्यांचा अंदाज बांधतं."

"म्हंजी ह्यांच्या घरात पाच माणसं," काकांनी माझ्याकडे बोट केलं, "म्हनून पोशीरच्या समद्या घरात पाच? आमच्या घरात दोनच हायेत. आमचं काय करनार?"

आता खरं सांगायचं तर इथे मलाही राग आला, आणि तो काकांचा नाही. माणूस चंद्रावर जाऊन आला. माझ्या दुकानात शेंबडं पोर मोबाइलवर बोट ठेवून सांगतं की नेरळला कोणत्या गल्लीत किती ट्रॅफिक आहे. आणि आपण ज्या घरात राहतो त्या घरात कोण कोण राहतं, हे कुणाला माहीत नाही. बरं, नाही माहीत तर त्याची खंत तरी वाटावी. तेरा लाख इकडे तिकडे म्हणताना तोंड सुद्धा वाकडं होत नाही.

"आन् नाव कितींना दिलंय?" काकांनी विचारलं.

"पंधरा-वीस लाखांना असेल. तुमच्या बांधावर ती बारीक गोगलगाय सापडली ना, तिलाही बहुतेक नाव नाही. मला तरी ती कुठल्याच जातीशी जुळवता आली नाही. असे खूप असतात काका. पुष्कळसे तर नाव ठेवायच्या आधीच जातात."

हे ऐकून काका उठले आणि तडक परसात गेले. काकूंनी तिच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि आत गेल्या. ऋतुजा माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, तुम्ही मनावर घेऊ नका, ते असेच आहेत.

त्या दिवसापासून काका पेटले. जगातले लोक मोजत नाहीत म्हटल्यावर आपल्या परसापासून सुरुवात करायची असं त्यांनी ठरवलं. सापडलेला किडा ते हाताला लागेल त्या भांड्यात ठेवायचे. काकूंच्या मिसळणाच्या डब्यात एके दिवशी हळदीच्या वाटीत ढालकिडा निघाला. माझ्याकडून विरजणाला गेलेलं भांडं परत आलं ते आत पैसा किडा घेऊन. काही दिवसांनी काकांनी ऋतुजाला फोन लावला आणि छाती फुगवून सांगितलं की नुसत्या कढीपत्त्यावर इतक्या जाती आहेत. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्यातला सुरवंट आणि ते काळं फुलपाखरू एकच. आणि तो मोठा आणि तो बारका नाकतोडा, ते नवरा-बायको असावेत.

"हे आधी सांगायचं," काका फोनवर ओरडले. "तोंड एक, नाव एक, आन् रूपं दोन. असला माल मी स्टोअरात घेतला नसता." त्यानंतर दोन दिवस ते फुलपाखरांशी बोलत नव्हते.

मग आला गावातला सप्ताह. कीर्तनात बुवा रंगात येऊन म्हणाले की जीव चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरतो तेव्हा हा नरदेह मिळतो. काका मांडवात उभे राहिले. "बुवा, मोजल्या कोनी?"

बुवा हसले. "शास्त्रात सांगितलंय, माउली."

"शास्त्रवाले सत्त्याऐंशी म्हनतात. तीन लाख कुटं गेले? आन् मोजल्या तवा पावसाळा होता का उन्हाळा? उन्हाळ्यात आमची गोगलगाय दगडाखाली झोपलेली असती. तिला धरलंय का नाय?"

टाळकरी हसायला लागले. बुवांनी मोठ्या युक्तीने विठ्ठलाचा गजर सुरू केला आणि त्यात काकांचा प्रश्न बुडाला. माझे सासरे मांडवातून उठून गेले, शेजारी म्हणून आपल्यालाही लोक हसतात म्हणून. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घरी येताना सारखं वाटत राहिलं की प्रश्न काही चुकीचा नव्हता, आणि उत्तर मात्र कुणी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दुकानात. "अर्ज टाईप कर गं. विषय लिही, तेरा लाख जिवांच्या फरकाबाबत खुलासा मिळणेबाबत."

"काका, पाठवायचा कुणाला?"

"पृथ्वीचं मोजणी खातं आसल ना कुटंतरी."

"नाहीये असं खातं."

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू ते खातं मीच बंद केलं. "जमिनीची मोजणी हाय, म्हशींची हाय, माणसांची हाय. आन् ह्याचं खातंच नाय?" शेवटी म्हणाले, "मग तहसीलदारांना प्रत टाक." मी टाकली नाही. अर्ज मात्र टाईप करून दिला, कारण गिऱ्हाइकं खोळंबली होती.

इतकं सगळं होईपर्यंत ही नुसती करमणूक होती. मग बांधावर संकट आलं.

काकांचा पुतण्या नीलेश कारखान्यात नोकरी करतो, आणि शेतात वडिलांचा अर्धा हिस्सा त्याचा आहे. त्याला शेतापर्यंत टेंपो न्यायला रस्ता हवा होता. सरळ रस्ता काढायचा तर दगडी बांध फोडावा लागणार. दसऱ्यानंतर जेसीबी आणायचा असं त्याने ठरवलं. मुलगा वाईट नाही. काकांना विचारायला म्हणून तो मुद्दाम ओटीवर येऊन बसला, आणि भांडण आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं.

"त्या बांधात गोगलगाय राहती. दुसरीकडं कुटंच नाय," काका म्हणाले.

"काका, नखाएवढा जीव त्यो. त्याच्यापायी मी भाताची पोती डोक्यावरनं वाहू?"

"वाहा. तुझ्या बापानं वाहिली."

"बरं, लोकं विचारतील रस्ता का थांबला, तर काय सांगू? नाव तरी हाय का तिला?"

मी खिडकीतून पाहिलं. काका ओटीवर पडलेल्या खुरप्याचा टॅग उलटसुलट करत होते. नीलेशनेही तो टॅग पाहिला. तो चप्पल घालून निघून गेला.

संध्याकाळी काकांनी माझ्यासमोर ऋतुजाला फोन लावला. नाव कधी ठेवताय? ती म्हणाली, "वेळ लागतो काका. जुन्या संग्रहालयांतले शंख आणून ताडून बघावे लागतात, काही परदेशात आहेत. मग निबंध लिहायचा, तो तपासला जाणार. दोन-चार वर्षं तरी धरा."

"दोन-चार वर्सं? दसरा झाला की जेसीबी येतोय."

ती बिचारी काकुळतीला आली. नीलेशशी बोलते म्हणाली. मग काकांचं मन राखायला म्हणाली, "शास्त्रातलं नाव आम्ही ठेवूच काका. तोवर तुम्ही तिचं एखादं घरचं नाव ठेवा ना."

दुसऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर त्याने मनातल्या मनात एक नाव ठेवलं असतं आणि विसरून गेला असता. काकांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "शुक्रवारी बारसं. तू आत्या."

"मी? गोगलगायीची?"

"मला भैन नाय. तू शेजारची. येऊन जा."

मी घरी येऊन थयथयाट केला. माझ्या मुलाचं बारसं ज्या माणसाने उधळलं, त्याच्या गोगलगायीची मी आत्या व्हायचं? नवरा हसून लोळला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. पालेभाजी निवडत म्हणाल्या, "जा. न्हाई म्हनू नको."

श्रावणातला शुक्रवार होता. मी जरा चिडूनच साधी साडी नेसून गेले आणि बघते तर अंगण भरलेलं. गावातल्या प्रत्येक घरच्या बारशाला हा माणूस आगंतुकासारखा गेला होता, म्हणून प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी फिट्टंफाट करायला आलं होतं. पोरं तर गोगलगाय बघायलाच आली होती. नीलेशसुद्धा कारखान्यातून परस्पर आला होता आणि अंगठ्याने मोबाइल चाळत कोपऱ्यात उभा होता.

माजघरात पाळणा टांगला होता. लाकडी, लाल-हिरव्या रंगाचा, कडेने पोपट रंगवलेले. माळ्यावरून काढला असावा, साखळीला अजून कोळिष्टक होतं. मूल नसलेल्या घरात पाळणा कुठून आला, असं माझ्या मनात आलं. लाकूड जुनं होतं, पण रंग कुठेच उडाला नव्हता.

पाळण्यात अळूचं पान, आणि पानावर ती. खरोखर नखाएवढी, मधाच्या रंगाची. बायकांनी हसत हसत पान पाळण्याखालून-वरून फिरवलं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. कुणीतरी म्हटलं, "जपून गं, पोरगी चालाया लागली." सगळं अंगण हसलं. काका हसले नाहीत. ते आज दारात उभे नव्हते. पाळण्याची साखळी धरून आत उभे होते, अनवाणी.

"काका, कानात सांगायचं तर हिला कान कुठेत?" मी विचारलं.

"कान नसले तर नसू देत. शिंगं हायेत. तिथं सांग."

नाव काय ठेवायचं ते त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, पोशीरी. गावाचं नाव असलं की गावाला तिला फोडता येणार नाही, असा हिशेब. मी वाकले. बायका माझ्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून तयार होत्या. तेवढ्यात काकू माझ्या शेजारी आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "सुमन म्हन."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या पाळण्याकडे बघत होत्या. मग मी शिंगांपाशी तोंड नेलं आणि मोठ्याने म्हटलं, "सुमन. कुर्रर्र."

धपाटे बसले. शिंगं आत गेली. पोरं ओरडली. मी वर बघितलं. आता काका भडकणार याची माझी खात्री होती, एवढं ठरवलेलं नाव बदललं म्हणून. फुलपाखरांशी भांडणारा माणूस. पण त्यांनी साखळी दोन्ही हातांनी धरली होती आणि ते काकूंकडे बघत होते. काकूंनी मान हलवली. मग काका कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाले, "झालं. आता मोजा तिला."

घुगऱ्या वाढायला मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई टोपापाशी बसल्या होत्या. मी काही विचारलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, "मुलगी झाली व्हती त्यांना. तू ह्या घरात यायच्या लई आधी. बाराव्या दिशी बारसं करायचं, तर कारखान्यात वर्साची मोजणी निघाली. रघूला सुट्टी मिळंना. म्हनला, मोजणी उरकतो, मग दनक्यात बारसं करू. नवा पाळणा आणला. पुढं ढकललेल्या बारशाच्या आदल्या दिशी हरभरे भिजत घातले, आन् त्याच राती पोर गेली. नाव ठरलेलं व्हतं गं, पन ठेवलं नव्हतं ना. मग लोकं नुसतं 'ते मूल' म्हनायची. आन् पुढं पुढं तेवढं पन कोनी म्हनंना. ह्या घरात हरभरे शिजले ते आज."

आधी नाव, मग मोजणी. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं, दुकानात, रस्त्यात, रांग मोडताना, आणि दरवेळी चिडले होते. मला त्या वेळी प्रचंड राग आला. कारखान्याचा आला, त्या नट-बोल्टांचा आला. थोडेच दिवस जगलेल्या पोरीला नाव नाही म्हणून विसरून जाणाऱ्या सगळ्या गावाचा आला. टोपातला वाफाळता डाव हातात घेऊन मी नुसती उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "वाढ जा. निवतंय."

बाहेर आले तर नीलेश ओटीवर बसला होता. घुगऱ्यांचा द्रोण मी त्याच्या हातात दिला. तो खाली बघत खात होता. मग काकांना म्हणाला, "काका, रस्ता उंबराच्या पलीकडनं फिरवून घेतो. दोन टेंपो माती जास्ती लागल." काकांनी नुसतं हूं केलं. अळूचं पान त्यांच्या तळहातावर होतं, सुमनला बांधावर सोडायला ते निघाले होते.

मी त्यांच्यापुढेही द्रोण धरला. सवयीने धरला, कारण हा माणूस बारशाच्या घुगऱ्या खात नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. काकांनी पान डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात पुढे केला. मी चमचाभर घुगऱ्या त्या तळव्यावर ठेवल्या. ते उभ्या उभ्या, फार सावकाश, एकेक दाणा चावत खात राहिले. काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्या आज 'जेवा आता' म्हणाल्या नाहीत.

"मीठ कमी पडलंय," काका रागाने म्हणाले, आणि हात पुन्हा पुढे केला.